मांसाहार की व्हीगन: आधी जमिनीचा हिशोब बघा

प्रश्न असा आहे की मांसाहार सोडून व्हीगन झालं, म्हणजे दूध-अंडी पण सोडली, तर पर्यावरणाला खरंच फरक पडतो का, की सोया, बदाम, अ‍ॅव्होकॅडो हे पण जंगलं तोडून आणि पाणी उपसूनच येतं आणि शेवटी हिशोब तिथल्या तिथेच राहतो. त्याला जोडून दोन उपप्रश्न आहेत, जवळपासचं आणि कुरणावर वाढलेलं मांस खाल्लं तर चालेल का, आणि दूध-चीज ठेवून फक्त मांस सोडलं तर पुरेसं आहे का. मी खाद्यपदार्थांचं लाइफ सायकल असेसमेंट (एलसीए) करतो, म्हणजे शेतापासून ताटापर्यंत एका पदार्थामागे किती उत्सर्जन झालं, किती जमीन गुंतली, किती पाणी लागलं ते मोजायचं. बरीच वर्षं हेच काम करतोय त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

थेट उत्तर आधी देतो. हो, फरक पडतो, चांगलाच पडतो. पण लोक रेष भलत्याच ठिकाणी ओढतात. इकडे सगळं मांस आणि तिकडे सगळं शाकाहारी असा विचार केला की गोंधळ होतो, कारण सगळ्यात मोठी दरी आहे ती रवंथ करणारी जनावरं (गाय, म्हैस, मेंढी, बकरी) आणि बाकी सगळं यांच्यात. आणि त्या दरीमागे मिथेन (या जनावरांच्या पोटात तयार होणारा, हवा तापवणारा वायू) जेवढा आहे तेवढीच जमीन पण आहे. मिथेनवर सगळे बोलतात, जमिनीवर फारसं कुणी बोलत नाही, आणि मला मनापासून वाटतं की जमिनीचा हिशोब डोक्यात बसल्याशिवाय या वादातले बाकीचे आकडे वाचून काही उपयोग होत नाही.

आकडे कुठून येतात ते सांगतो. या विषयात सगळ्यात जास्त वापरला जाणारा अभ्यास म्हणजे जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा, २०१८ साली सायन्स मासिकात आलेला. ११९ देशांतल्या जवळपास ३८,७०० शेतांचा डेटा आणि ४० पदार्थ. त्यातून निघालं की माणसामुळे होणाऱ्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी साधारण २६ टक्के अन्नाचं आहे. आता पदार्थांची तुलना करताना किलोला किलो लावून बघू नका, दुधात बहुतेक पाणीच असतं आणि टोफूत प्रोटीन भरपूर, मग ती तुलना फसवी होते. म्हणून १०० ग्रॅम प्रोटीनमागे बघायचं. खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या बीफमागे सरासरी ५० किलो सीओटू इक्विव्हॅलंट (सगळे हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजून), मेंढी-बकरीच्या मटणामागे २०, दूधधंद्यातल्या जनावरांच्या बीफमागे १७, चीजमागे ११, डुकराच्या मांसामागे ७.६, चिकनमागे ५.७, अंड्यांमागे ४.२, टोफूमागे २, शेंगदाण्यामागे १.२ आणि वाटाण्यामागे ०.४. आता बघा, चिकन आणि टोफू यांच्यात जेमतेम तिप्पट फरक आहे आणि बीफ आणि चिकन यांच्यात जवळपास नऊ पट. मी रेष भलत्याच ठिकाणी ओढली जाते म्हणतो ते यामुळे.

हे सरासरीचे आकडे आहेत आणि त्यामागे फार मोठा पसारा आहे हेही लक्षात ठेवा. त्याच अभ्यासात सगळ्यात खराब दहा टक्क्यांतलं बीफ १०५ किलोच्या वर जातं, आणि ते सगळ्यात चांगल्या दहा टक्क्यांतल्या डेअरी बीफच्या (दूधधंद्यातल्या जनावरांच्या मांसाच्या) बारा पट भरतं. म्हणजे कसं पिकवलं, कुठे पिकवलं याने खरंच फरक पडतो, जे लोक म्हणतात की सगळं बीफ सारखं नसतं ते बरोबरच बोलतात. पण पुढचं वाक्य ते वाचत नाहीत. ते सगळ्यात चांगलं डेअरी बीफसुद्धा वाटाण्याच्या ३६ पट उत्सर्जन करतं आणि ६ पट जमीन घेतं. म्हणजे उत्तम शेतकऱ्याचं उत्तम मांससुद्धा साध्या कडधान्याच्या जवळपास येत नाही.

असं का होतं हे समजायला गाईच्या पोटात जावं लागेल. मोठ्या गाईचं कोटीपोट (पोटाचा पहिला, सगळ्यात मोठा कप्पा) म्हणजे शंभर लिटरच्या वर मावेल अशी आंबवण्याची टाकीच असते, आत साधारण ३९ अंश तापमान, ऑक्सिजन जवळपास नाही, आणि कोट्यवधी जंतू गवतातलं सेल्युलोज तोडत बसलेले असतात. आपल्याला गवत पचत नाही, गाईलाही स्वतःहून पचत नाही, ते काम हे जंतू करतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर गाय जगते. या सगळ्यात हायड्रोजन सुटतो, तो साठून राहिला तर आंबवणंच थांबेल, मग आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेतून बाहेर टाकते. हो, ढेकरेतून, मागून नाही, बहुतेक सगळा मिथेन तोंडावाटेच येतो. एका मोठ्या गाईमागे वर्षाला साधारण ७० ते १२० किलो. आणि हा मिथेन म्हणजे वाया गेलेली एनर्जी पण आहे, चाऱ्यातल्या ऊर्जेचा काही टक्के भाग असाच हवेत जातो, त्यामुळे तो कमी झाला तर शेतकऱ्यालाही हवाच आहे. ३-एनओपी नावाचं एक फीड अ‍ॅडिटिव्ह (चाऱ्यात मिसळायचं रसायन) दुभत्या गाईंमध्ये मिथेन साधारण ३० टक्के कमी करतं, लाल समुद्री शेवाळ अ‍ॅस्परागॉप्सिस काही चाचण्यांमध्ये ८० टक्क्यांपर्यंत गेलंय. पण हे दोन्ही रोज खायला घालावं लागतं, गोठ्यात बांधलेल्या जनावराला ते जमतं, मोकळ्या माळावर चरणाऱ्याला रोज कसं घालणार? आणि जगातली मांसाची बरीच गुरं आयुष्याचा मोठा भाग चरण्यातच काढतात.

पण बीफचा आकडा नुसत्या मिथेनने फुगत नाही. एक गोष्ट आमच्या हिशोबात फार मोठी असते आणि लेखांमध्ये कधी वाचायला मिळत नाही, ती म्हणजे आईचा खर्च. गाय वर्षाला एक वासरू देते. तेवढ्या एका वासरासाठी वर्षभर त्या आईने खाल्लेला चारा, वर्षभर सोडलेला मिथेन, तिची जमीन, सगळं त्या एका वासराच्या मांसावर चढतं. डुकरीण वर्षाला वीसच्या वर पिल्लं देते, ब्रॉयलरची आईकोंबडी शंभरावर पिल्लं देते, मग आईचा खर्च एवढ्या जणांत वाटला गेला की जवळजवळ दिसेनासा होतो. त्यात परत वाढीचा वेळ आहे. ब्रॉयलर पाच ते सात आठवड्यांत तयार, डुक्कर साधारण सहा महिन्यांत, आणि गुरं दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, तेवढा सगळा काळ जनावर जिवंत राहण्यासाठी खात असतं आणि त्यातलं थोडंच मांसात उतरतं. अमेरिकेतल्या पशुपालनाचा २०१६ चा एक हिशोब आहे, त्यात खाऊ घातलेल्या चाऱ्यातल्या प्रोटीनपैकी बीफमध्ये ३ टक्के परत मिळतं, डुकराच्या मांसात ९, दुधात १४, चिकनमध्ये २१ आणि अंड्यांत ३१ टक्के. अंडं सगळ्यात वर आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता दूध-चीजचा उपप्रश्न, कारण इथे खूप चांगल्या मनाची माणसं फसतात. मांस सोडलं, चिकन पण सोडलं, आणि त्या जागी चीज वाढवलं, तर उत्सर्जन कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. वरचे आकडे परत बघा, चीज ११ आणि चिकन ५.७. एक किलो चीजला ढोबळमानाने दहा लिटर दूध लागतं, ते दूध रवंथ करणाऱ्या जनावराचंच असतं, आणि गाय दूध द्यायची तर ती आधी व्यायला लागते, म्हणजे वासरं होणारच, त्यातले निम्मे नर. त्या नर वासरांचं उत्सर्जन दुधावर टाकायचं की मांसावर यावर एलसीएवाल्यांची भरपूर डोकेफोड चालते, कुणी किमतीच्या प्रमाणात वाटतं, कुणी प्रोटीनच्या, आणि पद्धत बदलली की दुधाचा आकडा पण हलतो. कशीही वाटणी करा, दूधधंदा आणि मांसधंदा हे एकाच गाईचे दोन हिस्से आहेत हे काही बदलत नाही. म्हणून कुणी विचारलं की मी दूध पितो पण मांस खात नाही, मी बरा का, तर हो, बीफ खाणाऱ्यापेक्षा बरेच बरे, पण मांसाच्या जागी काय आणलं त्यावर सगळं अवलंबून आहे. मसूर, वाटाणा, सोया, शेंगदाणे आणले तर छान. चीज, क्रीम, बटर आणलं तर फायद्यातला बराचसा भाग परत गेला.

आता जमीन. बर्फ आणि ओसाड वाळवंट सोडलं तर जगातली जी जमीन राहण्याजोगी आहे तिच्यातली जवळपास निम्मी शेती आणि पशुपालनाखाली गेलीये. आणि त्या शेतजमिनीपैकी पूर-नेमेचेक यांच्या हिशोबाने ८३ टक्के जनावरांसाठी जाते, कुरणं धरून आणि चाऱ्याची पिकं धरून, मासे-अंडी-दूध सगळं धरून. बदल्यात मिळतं काय तर आपल्या एकूण कॅलरीपैकी १८ टक्के आणि प्रोटीनपैकी ३७ टक्के. हे वाचून थोडं थांबा. एवढी प्रचंड जमीन, आणि पाचवा भागसुद्धा कॅलरी नाही. सगळं जग व्हीगन झालं असं मानून त्यांनी मोजलं तर अन्नाची जमीन ७६ टक्के कमी होते, म्हणजे ३१० कोटी हेक्टर मोकळी, साधारण अख्ख्या आफ्रिका खंडाएवढी. अन्नाचं उत्सर्जन ४९ टक्के कमी होतं. आणि त्या मोकळ्या जमिनीवर झाडझाडोरा परत उगवला तर पुढची शंभर वर्षं दर वर्षाला आणखी ८.१ अब्ज टन सीओटू हवेतून ओढला जाईल, तो फायदा वेगळाच.

हा शेवटचा आकडा नेहमीच्या कार्बन फूटप्रिंटमध्ये येतच नाही. आपण मोजतो ते जनावराने काय सोडलं, ट्रॅक्टरने काय जाळलं, खतातून काय उडालं. त्या जागी जंगल असतं तर त्याने किती कार्बन धरून ठेवला असता हे मोजत नाही. अर्थशास्त्रात याला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या जंगलाच्या जागी आज शांत हिरवं कुरण असेल तर कागदावर त्याचं जंगलतोडीचं उत्सर्जन शून्य दाखवलं जातं, कारण ती तोड हिशोबाच्या काळाच्या बाहेर गेली, साधारणपणे आम्ही २० वर्षंच मागे जातो. पण जमीन अजून अडकलेलीच आहे ना? माझ्या मते या सगळ्या वादातला हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि मी तो सांगायची एकही संधी सोडत नाही.

यावर लगेच उत्तर येतं की ती सगळी जमीन काही पिकाऊ नाहीये, डोंगरउतार, कोरडे माळ, थंड प्रदेश, तिथे गहू थोडाच येणार, तिथे गवतच येतं आणि गवत फक्त जनावरंच खाऊ शकतात. खरं आहे. जगातल्या कुरणांपैकी साधारण दोन तृतीयांश नांगराखाली आणण्यासारखी नाहीत. पण ती नांगरायची गरजच नाहीये, कारण जनावरं वगळली तर पिकाखालची जमीन पण १९ टक्के कमी लागते, आज जनावरांना घालायला जे पिकवतो ते पिकवायची गरज उरत नाही म्हणून. आणि कुरणाकुरणात फरक आहे. जे गवताळ प्रदेश हजारो वर्षांपासून गवताळच आहेत, जिथे रानटी चरणारे प्राणी होतेच, तिथे मापात चराई असणं ठीकच आहे, कधीकधी तिथल्या गवताला ती लागतेही, आणि तिथल्या पशुपालकांना दुसरं पोटाचं साधन नसतं, त्यांना कुणी शहाण्याने व्हीगन व्हा म्हणून सांगायला जाऊ नये. पण अ‍ॅमेझॉनमध्ये जंगल जाळून केलेलं कुरण ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथली तोडलेली जमीन सगळ्यात जास्त जाते ती गुरांच्या कुरणाखालीच.

मग कुरणावर वाढलेलं मांस? लोकांना हे फार आवडतं कारण चित्र सुंदर दिसतं. कुरणात मातीत कार्बन साठतो हे खरंय, आणि चराई नीट केली, जनावरं फिरवत ठेवली तर आधी खराब झालेल्या जमिनीत तो चांगला साठतो. ऑक्सफर्डच्या फूड क्लायमेट रिसर्च नेटवर्कने २०१७ मध्ये यावर मोठा रिपोर्ट काढला, त्यात सगळं मनासारखं घडलं असं धरूनसुद्धा चराईच्या उत्सर्जनापैकी २० ते ६० टक्केच मातीतून भरून निघतं असं आलं. आणि मातीची भूक कायमची नसते, काही दशकांत ती भरते, पुढे कार्बन साठणं थांबतं, गुरं मात्र मिथेन सोडतच राहतात. दुष्काळ पडला किंवा जमीन नांगरली की साठलेला कार्बन परत हवेत. त्यात गवतावरची जनावरं हळू वाढतात, जास्त दिवस जगतात, म्हणून किलोमागे मिथेन सहसा जास्तच पडतो. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका नावाजलेल्या रिजनरेटिव्ह (मातीचा कस परत वाढवत शेती करणाऱ्या) फार्मचा २०२० साली आलेला अभ्यास नेहमी दाखवला जातो, मातीतला कार्बन धरून त्याचं उत्सर्जन खूपच कमी आलं होतं आणि ते काम चांगलं आहे, पण त्याच अभ्यासात लिहिलंय की नेहमीच्या पद्धतीपेक्षा त्याला अडीच पट जमीन लागली. परत जमिनीवरच येऊन थांबलो. आज जेवढं बीफ खाल्लं जातं तेवढं सगळं अशा पद्धतीने करायचं म्हटलं तर ती जमीन आणायची कुठून?

मांसाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी नेहमी मान्य करतो. जनावरं जे खातात त्यातलं ८६ टक्के माणसाला खाता येत नाही, हा एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या) शास्त्रज्ञांचा २०१७ चा आकडा आहे, गवत, कडबा, काड, कोंडा, पेंड, मळी असलं सगळं त्यात येतं. ही खरंच मोठी सेवा आहे, नाहीतर हे सगळं कुजलं किंवा जाळलं गेलं असतं. पण उरलेले १४ टक्के पण थोडेथोडके नाहीत, कारण एकूण खाद्यच सहा अब्ज टनांच्या घरात आहे, आणि जगातल्या धान्यापैकी एक तृतीयांश जनावरांच्या तोंडात जातं. मग नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी प्रश्न उलटा करून विचारला, की समजा जनावरांना फक्त माणसाला नको असलेलं, म्हणजे गवत, उरलेसुरले, कोंडा-पेंड एवढंच घातलं तर जगाला किती मिळेल? उत्तर आलं माणशी दिवसाला ९ ते २३ ग्रॅम प्राणिज प्रोटीन. गरज साधारण ५० ते ६० ग्रॅमची असते. म्हणजे थोडं दूध, थोडी अंडी, क्वचित मांस एवढं बसतं, रोज मोठा स्टेक बसत नाही. मला हा आकडा फार प्रामाणिक वाटतो. अमेरिकेपुरता २०१६ चा एक अभ्यास आहे, तिथली जमीन कुठल्या आहारावर जास्तीत जास्त किती लोकांना पोसेल असा, त्यात पहिला नंबर दूध चालणाऱ्या शाकाहाराचा आला, पूर्ण व्हीगनचा नाही, कारण पूर्ण व्हीगनमध्ये चराईची जमीन वापरलीच जात नाही. पण पूर्ण व्हीगनसुद्धा तिथल्या आजच्या मांसबहुल आहारापेक्षा कितीतरी जास्त लोकांना पोसतं हेही त्याच अभ्यासात आहे.

सोया. हा तर सगळ्यात मोठा गैरसमज. टोफू खाणाऱ्यांमुळे अ‍ॅमेझॉन जळतंय असं सर्रास लिहिलं जातं. जगातल्या सोयाबीनपैकी तीन चतुर्थांशाच्या वर जनावरांच्या खाद्याला जातं, मुख्यतः सोयापेंड म्हणून कोंबड्या आणि डुकरांना, आणि टोफू, सोयामिल्क वगैरे थेट माणसाच्या खाण्यात जेमतेम ७ टक्के. तेल बाजूला निघतं हे खरं, पण बियांत तेल विसेक टक्केच असतं, बाकी बहुतेक सगळी पेंड. म्हणजे सोयाची खरी काळजी असेल तर चिकन आणि पोर्क कमी करायला लागेल, टोफू नाही.

पाण्याचं जरा वेगळं आहे आणि इथे व्हीगन बाजूचे लोक पण आकडे ताणतात. एक किलो बीफला १५,४०० लिटर पाणी, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो खोटा नाहीये, मेकोनेन आणि हुक्स्ट्रा या संशोधकांच्या हिशोबातला आहे, पण त्यातलं ९४ टक्के म्हणजे गवतावर आणि चाऱ्यावर पडलेला पाऊस. नदी-विहिरीतून उपसलेलं पाणी साधारण ५५० लिटर. पाऊस जनावर नसतं तरी पडलाच असता. म्हणून पाण्याची तुलना करताना उपसा किती आणि त्या भागात पाण्याची टंचाई आहे का हे बघा, नुसती लिटरची बेरीज कामाची नाही. या हिशोबाने बदाम खरंच जड पडतात, कारण ते बरेचसे कोरड्या भागात सिंचनावर घेतले जातात. दुधाच्या पर्यायांत एका लिटरमागे बदामाच्या दुधाला साधारण ३७० लिटर पाणी, सोयाला २८, ओटच्या दुधाला ४८, आणि गाईच्या दुधाला ६२८. म्हणजे बदामाचं दूध पर्यायांमध्ये सगळ्यात तहानलेलं, तरी गाईच्या दुधाच्या खालीच. पाण्याची चिंता असेल तर सोया किंवा ओट घ्या, विषय संपला.

जवळचं खाण्याबद्दल. ताजं मिळतं, आपल्या भागातला शेतकरी टिकतो, ही कारणं चांगली आहेत. पण हवामानासाठी म्हणाल तर फायदा बहुतेक वेळा छोटा असतो. अन्नाच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा पूर-नेमेचेक यांच्या डेटात ६ टक्क्यांच्या आसपास येतो, खतं-खाद्य-यंत्रं यांची वाहतूक पण धरली तर दुसऱ्या एका अभ्यासात १९ टक्क्यांपर्यंत जातो, तरी बीफच्या बाबतीत वाहतूक एक टक्काही भरत नाही. शेजारच्या गावातलं बीफ आणि दुसऱ्या खंडातून जहाजाने आलेला वाटाणा, यात वाटाणा आरामात जिंकतो. अपवाद एकच, विमानाने आलेला माल. विमानाचं उत्सर्जन जहाजाच्या साधारण ५० पट, त्यामुळे लवकर नासणारी आणि लांबून आलेली बेरी, शतावरी असल्या गोष्टी टाळल्या तर चांगलंच. अ‍ॅव्होकॅडो बहुतेक जहाजानेच येतो.

चिकनबद्दल दोन शब्द, कारण वरचं वाचून कुणाला वाटेल की बीफ सोडून चिकनवर आलो की झालं. हवामानापुरतं बरंच झालं, हो. पण कोंबडी-डुकरांचे मोठे फार्म जिथे दाटीने असतात तिथे विष्ठेतला नायट्रोजन जमिनीला झेपत नाही, अमोनिया हवेत जातो, नायट्रेट पाण्यात उतरतं, नद्यांत शेवाळ माजतं. नेदरलँड्समध्ये तर हा नायट्रोजनचा प्रश्न एवढा वाढला की २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सरकारची परवान्याची पद्धतच रद्द ठरवली आणि पुढे शेतकऱ्यांनी रस्त्यावर ट्रॅक्टर आणले. आणि संख्या बघा. २०१८ च्या एका अभ्यासानुसार पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांच्या एकूण वजनापैकी ६० टक्के पाळीव गुरंढोरं, ३६ टक्के माणसं, आणि वाघ-हत्ती-देवमाशांसकट सगळे रानटी प्राणी मिळून ४ टक्के. पक्ष्यांच्या वजनातही ७० टक्के पोल्ट्री. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

काही फुगवलेले आकडे मात्र वापरू नका, त्याने खरी बाजू कमजोर होते. जगाच्या एकूण उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा ५१ टक्के आहे असं अजून सांगितलं जातं, तो २००९ च्या एका लेखातला आकडा आहे आणि त्यात जनावरांचा श्वाससुद्धा उत्सर्जन म्हणून धरला होता, जे चूक आहे, कारण तो कार्बन चाऱ्यानेच थोड्या काळापूर्वी हवेतून घेतलेला असतो. एफएओचे आकडे २००६ मध्ये १८ टक्के, २०१३ मध्ये १४.५ आणि २०२३ मध्ये साधारण १२ टक्के असे आलेत, पद्धत आणि आधारवर्ष बदलत गेल्यामुळे. बारा टक्के पण काही कमी नाही. दुसऱ्या बाजूने म्हणतात की मिथेन बारा-एक वर्षांत निघून जातो, मग कळप तेवढाच राहिला तर नवीन तापमानवाढ फारशी होत नाही. हे शास्त्राला धरून आहे, पण मग त्याचाच दुसरा अर्थ असा की कळप कमी केला तर तापमानावर परिणाम लवकर दिसतो, शंभर वर्षं थांबायला लागत नाही. म्हणूनच २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत देशांनी मिळून २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायचा संकल्प केला. आणि जगातला कळप स्थिर नाहीये, वाढतोय.

प्रत्यक्ष माणसांच्या ताटाचा हिशोब हवा असेल तर २०२३ चा ब्रिटनमधला अभ्यास बघा, ५५,००० च्या वर लोक खरोखर काय खातात त्यावर केलेला. दिवसाला १०० ग्रॅमच्या वर मांस खाणाऱ्याचं आहारातलं उत्सर्जन रोज साधारण १०.२ किलो, मध्यम खाणाऱ्याचं ७, कमी मांस खाणाऱ्याचं (दिवसाला ५० ग्रॅमच्या आत) ५.४, फक्त मासे खाणाऱ्याचं ४.७, दूध-अंडी चालणाऱ्या शाकाहाऱ्याचं ४.२ आणि व्हीगनचं २.५. म्हणजे जास्त मांसावरून कमी मांसावर आलं तरी उत्सर्जन जवळपास निम्मं होतं, आणि शाकाहारीवरून व्हीगनला गेलं की परत मोठी घसरण, ती दूध-चीज-अंड्यांची. ज्यांना पूर्ण व्हीगन जमणार असेल त्यांनी जरूर व्हावं, बी-१२ ची गोळी मात्र चुकवू नका. ज्यांना जमणार नसेल त्यांनी आधी बीफ-मटण कमी करावं, मग चीज, मग बाकीचं, या क्रमाने कमी कष्टात जास्त फरक पडतो. आणि व्हीगन म्हणून डार्क चॉकलेट आणि कॉफीला मोकळं रान देऊ नका, जंगल तोडून घेतलेल्या कोकोचा किलोमागे आकडा डुकराच्या मांसाच्या वर जातो.

शेवटी पॅकेटवरच्या दाव्यांबद्दल, कारण कार्बन न्यूट्रल (म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य) बीफ किंवा क्लायमेट फ्रेंडली मिल्क असं छापलेलं आता जास्त दिसायला लागलंय. तिथे बघायचं ते असं. आकडा कशामागे दिलाय, किलोमागे, प्रोटीनमागे की नुसतं "आधीपेक्षा ३० टक्के कमी"? आधीचं म्हणजे कोणतं वर्ष? मातीतला कार्बन धरला असेल तर तो किती खोलीपर्यंत मोजला, किती वर्षांच्या अंतराने दोनदा मोजला, की मॉडेलमधून काढला? जंगलतोडीचं उत्सर्जन आत आहे का, चाऱ्यासाठी बाहेरून आणलेल्या सोयापेंडीचं आत आहे का? आणि दुसरीकडे झाडं लावून ऑफसेट विकत घेतला असेल तर तो वेगळा दाखवलाय का, की जनावराच्या खात्यातूनच वजा करून टाकलाय? या सगळ्यांत ऑफसेटचं उत्तर आधी शोधा, कारण तो काढून घेतला की बहुतेक न्यूट्रल बीफचा आकडा परत नेहमीच्या बीफच्या आसपास येतो, आणि त्या मांसामागे किती हेक्टर जमीन लागली हे मी आजवर एकाही पॅकेटवर छापलेलं बघितलेलं नाही.